सूर्योदय, शिखर आणि पायवाट : श्रीलंकेतील श्रीपाद पर्वताच्या पहाटयात्रेचा आंतरविद्याशाखीय परिचय

सारांश

उष्णकटिबंधीय बेटांवरील डोंगरमाथ्यावरून सूर्योदय पाहणे हा आज पर्यटनाचा एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. प्रस्तुत लेखात श्रीलंकेतील श्रीपाद पर्वताच्या उदाहरणाच्या आधारे या प्रकाराची भौगोलिक, खगोलीय आणि सामाजिक बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. यात्रेचा हंगाम आणि मोसमी वाऱ्यांचे चक्र, उष्णकटिबंधातील पहाटेचे स्वरूप, शिखराची प्रसिद्ध त्रिकोणी सावली आणि चढणीच्या वाटेवरील लोकाचार यांचा परस्परसंबंध येथे मांडला आहे. सूर्योदयाचे स्थळ ही केवळ जागा नसून ती वेळ आणि वाट यांनी मिळून घडलेली व्यवस्था आहे. तीतून जागा तेवढी वेगळी काढली की गर्दी, कचरा आणि अपघात यांचे प्रश्न उभे राहतात, असे प्रतिपादन शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : श्रीपाद, सूर्योदय, मोसमी वारे, संधिप्रकाश, प्रतिसौरबिंदू, यात्रा, धारणक्षमता.

१. प्रस्तावना

सूर्य रोज उगवतो आणि तो कोठूनही पाहता येतो. तरीही मध्यरात्री उठून, अंधारात हजारो पायऱ्या चढून, थंडीने कुडकुडत एखाद्या माथ्यावर त्याची वाट पाहणारी माणसे जगाच्या सर्व भागांत आढळतात. बाली, मॉरिशस, हवाई, श्रीलंका यांसारख्या बेटांवर तर अशा पहाटचढाईला प्रवासाच्या कार्यक्रमात हमखास स्थान असते. प्रवासविषयक माहितीपत्रकांत या ठिकाणांचे वर्णन बहुधा 'अवर्णनीय', 'स्वर्गीय' अशा विशेषणांत संपते. तेथे पहाटच का निवडावी, वर्षातील ठरावीक महिनेच का, त्या दृश्यामागे निसर्गाचे कोणते नियम आहेत आणि एवढी माणसे एकाच वेळी एका माथ्यावर आल्याने काय घडते, या प्रश्नांचा विचार क्वचितच केलेला असतो.

या प्रश्नांच्या विवेचनासाठी श्रीलंकेतील श्रीपाद पर्वताची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, येथील सूर्योदयदर्शनाला किमान काही शतकांची अखंड परंपरा आहे. पर्यटन येथे नंतर आले. दुसरे असे की, पश्चिम घाट आणि श्रीलंका ही जैवविविधतेच्या दृष्टीने एकाच संवेदनशील प्रदेशात गणली जातात आणि एकच नैऋत्य मोसमी वारा दोहोंना भिजवतो. त्यामुळे सह्याद्रीच्या परिसरातील अध्यापकांना हा पर्वत परका वाटण्याचे कारण नाही.

२. स्थान, नावे आणि मार्ग

श्रीपाद पर्वत श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशाच्या नैऋत्य कडेला, मध्य प्रांत आणि सबरगमुव प्रांत यांच्या सीमेवर उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून २२४३ मीटर आहे. देशातील सर्वोच्च शिखर पिदुरुतलागल (२५२४ मीटर) याहून अधिक उंच असले, तरी श्रीपादचा शंकू आसपासच्या भूभागातून एकाकी वर आल्यामुळे तोच अधिक नजरेत भरतो. त्याच्या पश्चिमेस आणि नैऋत्येस रत्नपुरचा सखल प्रदेश झपाट्याने खाली उतरतो, तर पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर हॉर्टन प्लेन्सचे उंच पठार आहे. ही असमान रचना पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

माथ्यावरील खडकात सुमारे १.८ मीटर लांबीचा, पावलासारखा खळगा आहे. बौद्ध त्यास गौतम बुद्धांचे, हिंदू शिवाचे, तर मुस्लिम आदमचे पदचिन्ह मानतात. ख्रिस्ती परंपरेत त्याचा संबंध आदमशी किंवा संत थॉमसशी जोडला जातो. त्यामुळे पर्वताला श्रीपाद, शिवनोळिपाद मलै आणि 'ॲडम्स पीक' अशी निरनिराळी नावे मिळाली. सिंहली भाषेत त्यास 'समनल कंद' असेही म्हणतात. या नावाचा संबंध पर्वताचा रक्षक मानलेल्या सुमन अथवा समन या देवतेशी आहे. तसेच 'समनल' म्हणजे फुलपाखरू, म्हणून 'फुलपाखरांचा पर्वत' असाही अर्थ घेतला जातो.

ही सामायिकता आदर्शवत वाटली, तरी तिचा इतिहास सरळ नाही. सोळाव्या शतकात राजा पहिला राजसिंह याने येथील व्यवस्था शैवांकडे सोपविली आणि अठराव्या शतकात कीर्ती श्री राजसिंह याने ती पुन्हा बौद्ध भिक्षूंकडे दिली. आजही व्यवस्थापन भिक्षूंकडेच आहे. तथापि चढणीची वाट सर्वांना खुली आहे.

माथ्यावर जाण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी हॅटन–मस्केलिय–नल्लतण्णिय हा मार्ग सर्वाधिक वापरात आहे. कोलंबो–बदुल्ल लोहमार्गावरील हॅटन स्थानकावर उतरून चहाच्या मळ्यांतून नल्लतण्णियपर्यंत वाहनाने जाता येते. तेथून सुमारे साडेपाच किलोमीटरची वाट आणि साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या चढल्यावर शिखर येते. एकूण चढ सुमारे एक हजार मीटरचा आहे. रत्नपुर–पलाबद्दल हा मार्ग अधिक जुना, लांब आणि कठीण आहे. इ.स. १३४४ मध्ये येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने कड्यावर चढण्यासाठी लावलेल्या लोखंडी साखळ्यांचा उल्लेख केला आहे. त्याहीपूर्वी, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यावर असलेल्या पहिल्या विजयबाहूने यात्रेकरूंच्या अन्नदानासाठी गावांचे उत्पन्न लावून दिल्याचे अंबगमुव येथील शिलालेखावरून समजते. माथ्याइतकीच माथ्याकडे जाणाऱ्या वाटेची काळजी घेण्याची ही दृष्टी नऊशे वर्षांहून जुनी आहे, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

३. यात्रेचा हंगाम आणि मोसमी वारे

श्रीपादची यात्रा वर्षभर चालत नाही. डिसेंबरमधील 'उंदुवप' पौर्णिमेस ती सुरू होते आणि मे महिन्यातील 'वेसक' पौर्णिमेस संपते. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगावयाचे तर, साधारणतः मार्गशीर्ष पौर्णिमा ते वैशाख पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हा काळ होय. हंगामाच्या प्रारंभी समन देवतेची मूर्ती आणि पवित्र अवशेष पेलमडुल्ल येथील विहारातून मिरवणुकीने शिखरावर नेतात. हंगाम संपला की ती पुन्हा खाली आणली जातात.

या धार्मिक कालगणनेमागे हवामानाचे नेमके वेळापत्रक आहे. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे बाष्प घेऊन श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर येतात. मध्यवर्ती डोंगरांना अडून ते वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारांवर मुसळधार पाऊस पाडतात. सह्याद्रीच्या कोकणाकडील बाजूस जे घडते, तेच येथे घडते. श्रीपाद या वाऱ्याच्या पहिल्याच माऱ्यात उभा असल्याने त्या महिन्यांत माथा ढगात गुरफटलेला असतो, पायऱ्या निसरड्या होतात आणि वाऱ्याचा जोर मोठा असतो. ऑक्टोबर–नोव्हेंबर हा दोन मोसमांमधील काळ गडगडाटी पावसाचा आणि वादळांचा असतो. डिसेंबरनंतर वारे ईशान्येकडून वाहू लागतात. त्यांचा पाऊस मुख्यतः बेटाच्या पूर्व भागात पडतो आणि श्रीपादचा पश्चिम उतार पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च या महिन्यांत आकाश निरभ्र असण्याची शक्यता सर्वाधिक असते. एप्रिलमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस होऊ लागतो, पण पहाट बहुधा मोकळी असते.

म्हणजे यात्रेचा हंगाम हा मोसमी वाऱ्यांचाच धार्मिक अनुवाद आहे. मूर्ती खाली आणण्याच्या विधीने पर्वत जणू काही महिने 'मिटला' जातो. वाटेवरचे दिवे, दुकाने आणि विश्रामस्थाने बंद होतात. त्यामुळे माणसे धोक्यापासून दूर राहतात आणि जंगलाला विश्रांती मिळते. हा विधी ज्यांनी रूढ केला त्यांनी पर्यावरणसंरक्षणाचा हेतू मनात धरला होता असे म्हणता येणार नाही, परंतु परिणाम मात्र तोच झाला.

४. उष्णकटिबंधातील पहाट

पहाटच का, या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या दैनंदिन हवामानात आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. समुद्रावरून दमट वारे आत येतात, डोंगरउतारांवरून वर सरकतात आणि दुपारपर्यंत माथ्यांभोवती ढग जमतात. रात्री ही क्रिया उलटते. उतारांवरील हवा थंड होऊन दऱ्यांत उतरते, तेथे धुके साचते आणि माथे मोकळे होतात. सूर्योदयाच्या सुमारास ही अवस्था परमोच्च बिंदूवर असते. खाली दऱ्यांत ढगांचा समुद्र आणि त्यातून बेटांसारखे वर आलेले डोंगर, हे वर्णन प्रवासवर्णनांतून वारंवार येते. ते या रात्रीच्या शीतलनाचे फळ आहे. सूर्य वर आल्यावर दोन-तीन तासांत चित्र बदलू लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. श्रीपादचा अक्षांश सुमारे ६.८ अंश उत्तर आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य क्षितिजाशी सुमारे ८३ अंशांचा कोन करून, म्हणजे जवळजवळ सरळ वर चढतो. त्यामुळे सूर्योदयापूर्वीचा नागरी संधिप्रकाश येथे २१ ते २३ मिनिटेच टिकतो. लंडनमध्ये तोच काळ सुमारे ३३ मिनिटांपासून जूनमध्ये पाऊण तासाहून अधिक असतो. उष्णकटिबंधात 'उजाडता उजाडता' असे रेंगाळणे नसते. अंधार आणि प्रकाश यांमधील अंतर झटकन ओलांडले जाते. या वेगामुळेच हा देखावा नाट्यमय वाटतो.

तिसरी बाब नियमिततेची. मुंबईत सूर्योदयाची वेळ वर्षभरात साधारण सव्वा तासाने मागेपुढे होते. श्रीलंकेत हा फरक जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. फेब्रुवारीच्या प्रारंभी सूर्य साधारण ६ वाजून २७ मिनिटांनी, तर मेअखेरीस ५ वाजून ५२ मिनिटांच्या आसपास उगवतो. श्रीलंकेची प्रमाणवेळ भारताप्रमाणेच असल्याने ही तुलना थेट करता येते. रात्री दोनच्या सुमारास नल्लतण्णियहून निघावे, हा संकेत संपूर्ण हंगामात उपयोगी पडतो तो यामुळे.

वेळ फारशी बदलत नसली, तरी दिशा बदलते. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नेमक्या पूर्वेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेकडे उगवतो. मार्चमध्ये तो बरोबर पूर्वेस, म्हणजे हॉर्टन प्लेन्सच्या पठारामागून वर येतो आणि मेच्या मध्यास सुमारे १९ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. एका हंगामात उगवतीचे स्थान क्षितिजावर ४० अंशांहून अधिक फिरते. उंचीवरून सूर्य लवकर दिसतो, ही समजूत तत्त्वतः बरोबर आहे. २२४३ मीटर उंचीवरून समुद्राचे क्षितिज डोळ्याच्या पातळीच्या सुमारे १.४ अंश खाली असते आणि तेवढ्यामुळे सूर्य पाच-सहा मिनिटे आधी दिसला पाहिजे. परंतु पूर्वेस समुद्र नसून जवळपास तितकेच उंच डोंगर आहेत. त्यामुळे हा लाभ उगवतीच्या दिशेनुसार कमी होतो आणि मार्चच्या सुमारास जवळजवळ नाहीसा होतो. उंचीचा खरा प्रत्यय येथे पूर्वेकडे नव्हे, पश्चिमेकडे येतो.

तापमानाचा विचारही आवश्यक आहे. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या दराने हवा थंड होते. किनाऱ्यावर पहाटे २४ अंश सेल्सियस असेल, तर माथ्यावर ते ९ ते १० अंशांवर येते. त्यात घामाने ओले झालेले कपडे आणि माथ्यावरील वारा यांची भर पडते. उष्ण देशात आलो आहोत या समजुतीने केवळ सुती कपड्यांवर आलेले पर्यटक शिखरावर हैराण होतात.

५. त्रिकोणी सावली

सूर्य वर येताच माथ्यावरील जाणती मंडळी त्याच्याकडे पाठ करून पश्चिमेकडे वळतात. तेथे सखल प्रदेशावर, धुक्यावर आणि कधी क्षितिजाच्याही वर, पर्वताची निळसर, अगदी रेखीव त्रिकोणी सावली पडलेली दिसते. श्रीपादचा शंकू फारसा सममित नसतानाही सावली भूमितीतील आकृतीप्रमाणे सरळ कडांची असते. यामुळे ती अनेकांना दैवी संकेत वाटत आली आहे. १८८० च्या दशकात राल्फ ॲबरक्रॉम्बी या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने या सावलीचा शास्त्रीय दृष्टीने विचार केला होता.

तिचे स्पष्टीकरण यथार्थदर्शनाच्या नियमात आहे. सूर्य क्षितिजालगत असताना त्याचे किरण जवळजवळ आडवे येतात आणि पर्वताची सावली एका लांबलचक बोगद्याप्रमाणे हवेतून पश्चिमेकडे जाते. तिच्या कडा वास्तविक जवळजवळ समांतर असतात. निरीक्षक मात्र या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून त्याच्या लांबीच्या दिशेने पाहत असतो. लोहमार्गाचे दोन रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात, तसेच सावलीच्या कडा सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेस असलेल्या प्रतिसौरबिंदूकडे मिळाल्यासारख्या दिसतात. त्यामुळे पर्वताचा आकार कसाही असला, तरी पुरेशा लांब सावलीला त्रिकोणाचेच रूप येते. जगातील इतर अनेक उंच शिखरांवरूनही अशी सावली दिसते. श्रीपादचे वैशिष्ट्य एवढेच की, पश्चिमेकडील मोकळा सखल प्रदेश आणि तेथील पहाटेचे धुके तिला उत्तम पडदा पुरवतात. सावली धुक्यावर पडली की ती जमिनीवर पसरण्याऐवजी समोर उभी ठाकल्याचा भास होतो.

ही सावली किती काळ टिकते, हेही साध्या गणिताने सांगता येते. येथे सूर्य दर चार मिनिटांना सुमारे एक अंश वर चढतो. तो पाच अंशांवर आला म्हणजे सूर्योदयानंतर साधारण वीस मिनिटांनी सावलीची लांबी सुमारे २५ किलोमीटर होते. दहा अंशांवर, म्हणजे चाळीस मिनिटांनी, ती १३ किलोमीटरच्या आत येते. लांबी घटली की टोकाचा रेखीवपणाही ओसरतो. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटेच महत्त्वाची असतात. सूर्य जितका दक्षिणेकडे उगवेल तितके सावलीचे टोक उत्तरेकडे सरकते. डिसेंबर आणि मे या महिन्यांतील सावल्या त्यामुळे वेगवेगळ्या दिशांना पडतात.

पौर्णिमेच्या दिवशी यात आणखी एक योग जुळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या जवळजवळ विरुद्ध दिशेस असतो, म्हणजेच प्रतिसौरबिंदूच्या आसपास. त्यामुळे पौर्णिमेच्या पहाटे मावळता चंद्र आणि सावलीचे टोक एकमेकांच्या जवळ येतात. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेस, म्हणजे 'पोया'च्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते आणि यात्रेची सर्वाधिक गर्दी त्याच रात्री असते. रात्रभर वाटेवर चांदणे, पहाटे एका बाजूस सूर्य आणि दुसऱ्या बाजूस सावलीच्या टोकाशी चंद्र, हा अनुभव यात्रेकरूंना मिळत आला आहे तो पंचांगामुळे.

६. वाटेवरील लोकाचार

यात्रेकरूंच्या दृष्टीने सूर्योदय हा यात्रेचा शेवट नसून तिचा एक विधी आहे. सिंहलीत त्याला 'इर सेवय' म्हणतात. उगवता सूर्य श्रीपादाला वंदन करतो, अशी श्रद्धा त्यामागे आहे. त्याआधीच्या वाटेवर अनेक टप्पे येतात. 'सीत गंगुल' या थंड ओढ्यावर हातपाय धुऊन किंवा स्नान करून पुढे जायचे असते. 'गेत्तंपान' या ठिकाणी सुईत दोरा ओवून तो उलगडत नेण्याची रीत आहे. बुद्धांनी येथे थांबून आपले चीवर शिवले, या कथेची ती आठवण आहे. प्रथमच येणाऱ्यास 'कोडुकारया' असे खास नाव असते आणि त्याने विशेष नेमाने वागावे अशी अपेक्षा असते. चढणारे आणि उतरणारे गट एकमेकांना करुणेची, शुभेच्छेची पदे म्हणून अभिवादन करतात. माथ्यावर पोहोचल्यावर आजवर जितक्या यात्रा घडल्या तितके टोले घंटेवर द्यायचे असतात.

वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या आचारांचे सामाजिक कार्य समजण्यास वेळ लागणार नाही. त्यांनी चाल संथ राहते. वृद्ध, मुले आणि अशक्त माणसे गटाबरोबर राहतात. नवख्यावर अनुभवी माणसाचे लक्ष राहते. उतरणाऱ्याने चढणाऱ्यास दोन शब्द बोलावेत या संकेतामुळे अरुंद पायऱ्यांवर धक्काबुक्की टळते. ठिकठिकाणच्या अन्नदानामुळे गरीब यात्रेकरूंचीही सोय होते. कोणत्याही सूचनाफलकाविना गर्दीचे नियमन करणारी ही यंत्रणा आहे.

७. बेटावरील इतर दर्शनस्थळे

तुलनेसाठी श्रीलंकेतील आणखी तीन स्थळांचा उल्लेख करणे उचित होईल. हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानातील 'वर्ल्ड्‌स एंड' हा सुमारे ८८० मीटर खोलीचा कडा आहे. तेथे सकाळी नऊ-दहानंतर दरीतून ढग वर येऊन दृश्य झाकले जाते. वर वर्णिलेली दैनंदिन हवामानाची क्रिया तेथे डोळ्यांसमोर घडताना दिसते. या उद्यानाच्या प्रवेशद्वारावर पर्यटकांच्या सामानातील प्लास्टिक तपासण्याची पद्धत आहे. सिगिरियाजवळील पिदुरंगल हा खडक त्याच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन बौद्ध विहारामुळे पवित्र मानला जातो. सिगिरियाचा खडक तेथून समोर दिसत असल्याने पहाटे तेथे पर्यटक जमतात; शेवटचा टप्पा मात्र मोठमोठ्या धोंड्यांवरून अंधारात चढावा लागतो. एल्ल गावाजवळील ११४१ मीटर उंचीची टेकडी श्रीपादशी असलेल्या साम्यामुळे 'लिटल ॲडम्स पीक' या नावाने ओळखली जाते. चहाच्या मळ्यांतून जाणारी तिची वाट सोपी आहे, म्हणून वृद्धांना आणि मुलांनाही ती सहज झेपते.

या तिन्ही ठिकाणी दृश्य उत्तम असले, तरी श्रीपादप्रमाणे रात्रभर चालणारी लोकयात्रा तेथे नाही. ती 'पाहण्याची' स्थळे आहेत. श्रीपाद हे 'चढण्याचे' स्थळ आहे.

८. गर्दीचा तास

संग्रहालयात किंवा किल्ल्यावर येणारे लोक दिवसभरात विभागले जातात. सूर्योदयाच्या स्थळाची अडचण अशी की, सर्वांना एकाच तासात एकाच जागी असावेसे वाटते. म्हणून अशा स्थळांची धारणक्षमता दिवसाच्या एकूण संख्येवरून ठरवणे चुकीचे आहे. ती त्या एका तासावरून ठरते. श्रीपादच्या माथ्यावरील जागा फार थोडी आहे. पौर्णिमेस आणि शनिवार-रविवारी शेवटच्या टप्प्यात रांग तासन् तास खोळंबते आणि अनेकांना सूर्योदय पायऱ्यांवरच पाहावा लागतो. परंपरेने आलेला यात्रेकरू त्याने खट्टू होत नाही, कारण पदचिन्हाचे दर्शन नंतरही घेता येते. केवळ छायाचित्रासाठी आलेला पर्यटक मात्र रांग मोडून पुढे जाण्याचा प्रयत्न करतो किंवा कठड्याबाहेर जागा शोधतो. अपघाताची शक्यता येथे निर्माण होते.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा आहे. १९४० मध्ये अभयारण्य घोषित झालेले हे जंगल २०१० मध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती उच्चभूमीचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. केलनी, कळू आणि वळवे या नद्यांना येथील उतारांवरून पाणी मिळते. वाटेवर टाकलेली बाटली म्हणजे खालच्या लाखो लोकांच्या पाण्यात टाकलेली बाटली होय. तिसरा प्रश्न हंगामाबाहेरील चढाईचा आहे. पावसाळ्यात, दिवे आणि दुकाने बंद असताना, 'शांतता मिळते' म्हणून जाणाऱ्या पर्यटकांना मदत मिळणे कठीण असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेच्या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळून भीषण जीवितहानी झाली. या उतारांची नाजुकता त्या आपत्तीने पुन्हा दाखवून दिली.

अन्यत्र या प्रश्नावर कोणते उपाय झाले, याचे एक उदाहरण हवाई बेटसमूहातील माउई बेटावर मिळते. तेथील हालेआकाला (३०५५ मीटर) या ज्वालामुखी पर्वतावर थेट मोटारीने जाता येते. पहाटे वाहनांची संख्या तळांच्या क्षमतेपेक्षा अधिक होऊ लागल्याने १ फेब्रुवारी २०१७ पासून पहाटे तीन ते सात या वेळेत प्रवेश करणाऱ्या खासगी वाहनांना पूर्वनोंदणी सक्तीची झाली. नियमन दिवसाचे नव्हे, त्या नेमक्या तासांचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे. श्रीपादच्या बाबतीत अशी नोंदणी सक्तीची केल्यास पायी येणाऱ्या गरीब यात्रेकरूवर अन्याय होईल. तेथे अधिक योग्य मार्ग म्हणजे पर्यटकांना पौर्णिमा आणि सुट्ट्या टाळून येण्यास प्रवृत्त करणे हा होय. ज्याची श्रद्धा तिथीशी बांधलेली आहे त्याला ती तिथी सोडावी. ज्याला केवळ दृश्य पाहायचे आहे त्याच्यासाठी मधला कोणताही निरभ्र वार तितकाच चांगला आहे.

९. महाविद्यालयीन अभ्याससहलींच्या संदर्भात

२०२४ मध्ये श्रीलंकेस भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. शैक्षणिक सहलींचाही विचार आता होऊ लागला आहे. तशा सहलीचे नियोजन करणाऱ्या अध्यापकांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सहल जानेवारी ते मार्च या काळात, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि पौर्णिमा वगळून आखावी. चढाईस साधारण तीन ते चार तास धरावेत, परंतु गटाची गती सर्वांत मंद विद्यार्थ्यावरून ठरवावी. उबदार कपडा, कोरडा सदरा आणि विजेरी प्रत्येकाजवळ असावी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, हे आधीच सांगून ठेवावे. पदचिन्हाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि पोशाख मर्यादशील असावा लागतो.

अभ्यासाच्या दृष्टीने ही एक रात्र अनेक विषयांना सामावून घेते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी उंचीनुसार तापमान नोंदवावे, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सावलीच्या लांबीचे गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चहाच्या मळ्यापासून डोंगरी जंगलापर्यंतचे बदल टिपावेत आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाटेवरील आचारांचे निरीक्षण करावे. हेच प्रयोग कळसूबाईवर (१६४६ मीटर) करता येतील. तेथेही माथ्यावर देवस्थान आहे आणि सुट्टीच्या पहाटे गर्दीची हीच समस्या अनुभवास येते. परदेशी जाणे शक्य नसणाऱ्या महाविद्यालयांनी तेथून प्रारंभ करण्यास हरकत नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रीपादच्या सूर्योदयाची कीर्ती तीन गोष्टींच्या जुळणीवर उभी आहे. निसर्गाने जागा दिली : पश्चिमेस मोकळा, पूर्वेस डोंगरांनी वेढलेला शंकू. मोसमी वाऱ्यांनी वेळ ठरवून दिली : मार्गशीर्ष ते वैशाख, आणि त्यातही पहाट. लोकांनी वाट घडवली : ओढ्यावर थांबणारी, वृद्धांची गती सांभाळणारी, हंगाम संपताच स्वतःहून बंद होणारी. पर्यटन या तिहींपैकी जागा उचलते, वेळेची घाई करते आणि वाट केवळ अडथळा मानते. त्यातून निर्माण होणाऱ्या अडचणींवर कठडे आणि फलक हा अपुरा उपाय आहे. वाटेला तिचे स्थान परत मिळवून देणे हाच मूलगामी उपाय ठरेल.

अध्यापकांचे काम येथेच सुरू होते. विद्यार्थ्याला माथ्यावर नेऊन सूर्य दाखवणे सोपे आहे. तो तेथे पोहोचेपर्यंत कोणत्या वाऱ्याने आकाश मोकळे केले, कोणत्या नियमाने सावली त्रिकोणी झाली आणि अंधारात त्याला पुढे जाऊ देण्यासाठी पायरीच्या कडेला थांबलेल्या वृद्ध यात्रेकरूने त्याला काय शिकवले, याची जाणीव त्याच्यात निर्माण करणे हे अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाचे आहे.